शुक्रवारचे खडे

गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसात नवीन लागलेली तन्वी माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. तिच्या वयाची मुलं माझ्याकडे दोनच कारणांनी येतात. एक म्हणजे कुठल्या तरी इंग्रजी शब्दाला मराठी शब्द हवा असतो, आणि दुसरं म्हणजे माझा चार्जर हवा असतो. ही तिसऱ्याच कारणासाठी आली होती.

"काका, जुन्या नोंदी बघतेय. हजारो नोंदींपुढे 'खोडले, केव्ही' असं लिहिलंय. आणि त्याच नोंदींपुढे नंतर 'परत घेतले, केव्ही'. हा केव्ही कोण? आधी एवढं काम करायचं आणि मग स्वतःच ते उलटं करायचं?"

"हा नाही, ह्या. कुंदाताई वानखडे."

"लेडी होत्या?"

"आहेत. अमरावतीला असतात."

"मग असं का केलं त्यांनी?"

मी म्हटलं, चल, चहा घेऊ, सांगतो. चहा घेतला आणि लिफ्ट कशी सारखी बंद पडते त्यावर पंधरा मिनिटं बोललो. आमची सौ. म्हणते, तुम्हाला जे सांगता येत नाही ते तुम्ही लिहायला घेता, आणि जे लिहायची कुणालाच गरज नसते ते सांगत सुटता. म्हणून हे लिहायला घेतलं आहे.

आमचं ऑफिस कोथरूडला, तिसऱ्या मजल्यावर. खालच्या मजल्यावर क्लास आहे. खालची मुलं सूत्रं पाठ करतात, वरची तीच सूत्रं विकतात. आम्ही दहावी-बारावी झालेल्या आणि आयटीआय केलेल्या मुलामुलींना नोकऱ्या दाखवणारं अ‍ॅप चालवतो. नोकऱ्या असतात हजारो, फोनवर मावतात दहा. मग कुणाला कुठल्या दहा दाखवायच्या? तर हा माणूस कशावर क्लिक करील याचा संगणक अंदाज बांधतो आणि त्या अंदाजाप्रमाणे दहा काढून समोर ठेवतो. या अंदाजावर आमची सगळ्यांची घरं चालतात. माझं काम बटणांवरचं मराठी लिहिण्याचं. तरुणपणी मला लेखक व्हायचं होतं, आणि तसा मी झालोही. 'कृपया थोडा वेळ थांबा' हे माझं वाक्य रोज लाखभर लोक वाचतात. त्यातले बरेचसे त्यावर शिव्या देतात, पण वाचतात.

कुंदाताईंची मुलाखत अद्वैतने घेतली. अद्वैत म्हणजे अंदाज बांधणाऱ्या टोळीचा मुख्य, वय सव्वीस. समोर अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाई, सुती साडी, पायात पांढरे धावायचे बूट. संख्याशास्त्रात एम.एस्सी. अमरावतीला एका कॉलेजात अकरा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलेलं, म्हणजे शिकवायचं पूर्ण आणि नोकरी मात्र अर्धी. यजमान गेले तेव्हा मुलगी नववीत होती. तिला घेऊन त्या धायरीला भावाजवळ राहायला आल्या. अद्वैतने पुस्तकातला प्रश्न विचारला, "पाच वर्षांनंतर तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

"माझं काय पाहता, बापा," त्या म्हणाल्या. "माझ्या पोरीचं विचारा. पाच वर्षांनी ती लेथवर असेल. टर्नर होऊन राहिली ना ती."

लेथ म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, हे अद्वैतला ठाऊक नव्हतं. त्याने 'मोटिव्हेटेड' असा शेरा मारला आणि त्यांना घेतलं.

थोड्याच दिवसांत आम्हाला त्यांच्या तऱ्हा कळल्या. एसीचा त्यांना मनापासून राग. मार्च असो की मे, अंगात यजमानांचा तपकिरी पुरुषी स्वेटर, बाह्या दोनदा दुमडलेल्या. लिफ्टमध्ये पाय ठेवायच्या नाहीत. पेन्सिलीशिवाय विचार करता येत नसे, त्यामुळे आमच्या कागदमुक्त ऑफिसात एकट्या त्यांच्या टेबलाखाली लाकडाच्या सालींचा ढीग असायचा. टेबलावर पितळेचा एक भोवरा. मुलीने आयटीआयमध्ये कातलेला. येणारा-जाणारा प्रत्येक जण तो बोटांनी फिरवून बघायचा आणि त्या फिरवू द्यायच्या, अगदी थांबेपर्यंत बघत राहायच्या. "पाहा, डुलते का कुठं? केसाचा फरक नाही." मुलीच्या, म्हणजे मयूरीच्या वर्गात मुली दोनच होत्या, त्यातली एक मधेच सोडून गेली, आणि मयूरी पहिली आली, हे आम्हा प्रत्येकाला निदान तीनदा ऐकवून झालं होतं.

सरासरीवर त्यांचा विश्वास नव्हता. संख्याशास्त्राच्या बाईंचं हे असं, म्हणजे हलवायाला साखर चालू नये तसं. अद्वैत मीटिंगमध्ये म्हणायचा, "अ‍ॅव्हरेज यूझरला हे आवडतं." कुंदाताई पेन्सिल वर करायच्या.

"हा सरासरी माणूस कुठं राहतो रे? एकदा जेवायला आण."

मला हे अंदाजाचं शास्त्र कळत नसे. दहा वर्षं त्या धंद्यात आहे, पण मान डोलावण्यापलीकडे प्रगती नाही. एकदा जेवताना त्यांनाच विचारलं. माझ्या डब्यात चिवडा होता. त्यांनी विचारलं, "लेलेभाऊ, तुम्ही नेहमी पातळ पोह्यांचाच चिवडा काहून आणता?" पुण्यात मला भाऊ म्हणणाऱ्या त्या आणि भाजीवाला, दोघंच.

"आमचा वाणी तेच देतो."

"तुम्ही मागता का?"

आठवून पाहिलं. नऊ वर्षांपूर्वी आम्ही त्या सोसायटीत आलो. पहिल्या दिवशी वाण्याकडचे जाड पोहे संपले होते म्हणून पातळ घेतले. दुसऱ्या खेपेला मी दुकानाची पायरी चढायच्या आत त्याने पातळ काढून ठेवले होते. भिडस्तपणाने घेतले. तेव्हापासून मी दिसलो की त्याचा हात पातळ पोह्यांकडे जातो. आमच्या घरी खरं तर सगळ्यांना जाड पोहे आवडतात.

कुंदाताई इतक्या हसल्या की पाणी प्यावं लागलं. "झालं की मग! तुमचा वाणी न् आपलं अ‍ॅप एकच. नऊ वर्षांचा पुरावा आहे त्याच्याजवळ, लेले साहेबाले पातळ आवडते म्हणून. एकदा जाड समोर ठेवून पाहिलं का त्यानं?"

हे त्यांना इतकं लख्ख कळत होतं. म्हणूनच पुढचं सांगणं अवघड जातं.

शुक्रवारी जेवणं झाली की संगणक त्यांना एक यादी काढून द्यायचा. त्या आठवड्यात कुणी स्वतःच्या सवयीला न शोभणारं काय क्लिक केलं, त्याची. नावं नसत, नुसते आकडे. एखाद्या बाईने आजवर दुकान, रिसेप्शन, कॉल सेंटर असंच बघितलेलं, आणि मधेच वेल्डर. बोट सरकलं असणार. बसमध्ये सरकतं, मूल मांडीवर असलं की सरकतं. अशी चुकार क्लिक काढली नाहीत तर अंदाज बिघडतो. ती डोळ्यांखालून घालून, खात्री करून खोडायची, हे कुंदाताईंचं काम. चष्मा नाकाच्या टोकावर आणून त्या म्हणायच्या, "चला, तांदूळ निवडते." त्यामुळे त्या यादीला ऑफिसात नावच पडलं, शुक्रवारचे खडे. दोन तास त्या कुणाशी बोलत नसत. प्रत्येक खड्यापुढे दोन अक्षरं, के आणि व्ही. यंत्राने सुचवलेलं डोळे मिटून खोडणारी माणसं मी पाहिली आहेत. त्या तशा नव्हत्या. शंका आली तर थांबायच्या, जुन्या नोंदी काढायच्या. पण जुन्या नोंदींतही त्या बाईचं दुकान, रिसेप्शन आणि कॉल सेंटरच असायचं. मग खोडायच्या. त्या आल्यापासून आमचे अंदाज फार बरोबर यायला लागले. साहेबांनी दिवाळीत त्यांना एक रोपटं दिलं.

मयूरी पास झाली. आईचंच अ‍ॅप, तेव्हा तिने तेच घेतलं. जेवताना कुंदाताईंना तिचा फोन यायचा. त्या स्पीकरवर ठेवून जेवायच्या, त्यामुळे मलाही ऐकू यायचं.

"आई, आज पण बघ. साडीचं दुकान, टेलिकॉलर, ब्यूटी पार्लर. लेथचं एक नाही. मी शोधून काढते, अर्ज करते, कुणी बोलवतच नाही."

"मायू, नसतील जागा तर कुठून दाखवील ते? मी रोज आकडे पाहून राहिली ना इथं. असतं तर दिसलं असतं."

"माझ्या वर्गातली मुलं लागली सगळी."

"त्यांचं नशीब असेल. तू हट्ट नको करू. तात्पुरतं एखादं धर, मग पाहू."

असं बरंच चाललं. एकदा ती म्हणाली, "मग मला येत नसेल नीट," आणि कुंदाताई म्हणाल्या, "असं नाही ग." पण जोर लावून नाही म्हणाल्या. आठ-नऊ महिन्यांनी मयूरीने साडीच्या दुकानातली नोकरी धरली. तात्पुरती. त्याला दोन वर्षं झाली. जेवतानाचे फोन आधी कमी झाले, मग बंद झाले. घरी एकाच खोलीत दोघी राहत, तरी कुंदाताई मला विचारायच्या, "तुमची मुलगी तुमच्याशी बोलते का हो भाऊ?" मी म्हणायचो, पैसे हवे असले की बोलते. त्या हसायच्या नाहीत.

मग एका शुक्रवारी त्यांनी मला हाक मारली.

"लेलेभाऊ, इकडे या. ह्या बाईले पाहा."

"कोण बाई?"

"मले काय माहीत. आकडा आहे. हिनं नऱ्ह्याच्या कारखान्यातलं लेथचं काम दाबलं. मागच्या शुक्रवारीही होतं. मागं जाऊन पाहिलं तर त्याच्या आधीही. मी दर वेळी खोडून राहिली."

"सरकत असेल बोट," मी माझ्या परीने शास्त्र सांगितलं.

"दर आठवड्याले? शब्द टाकून, शोधून, पान उघडून, बरोबर तिथंच?" त्यांनी चष्मा काढला. "इतक्या चिकाटीनं कोण चुकते, भाऊ?"

आकड्यामागचं नाव बघायची आम्हाला मनाई आहे. बघता मात्र येतं. कुंदाताईंनी तोवर कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. मी शेजारीच उभा होतो, पण मला पडद्यावरचं काही वाचता यायच्या आत त्यांनी लॅपटॉप मिटला. यादी अर्धी राहिली होती. स्वेटर खुर्चीवर तसाच टाकून त्या जिन्याने खाली गेल्या. मला वाटलं बरं नसेल.

सोमवारी त्या माझ्याजवळ येऊन बसल्या आणि कुणा परक्याचं सांगावं तशा सांगू लागल्या. एक्केचाळीस वेळा. मयूरीने एक्केचाळीस वेळा लेथच्या कामावर क्लिक केलं होतं, आणि एक्केचाळीसही वेळा ते चूक म्हणून खोडलं गेलं होतं. प्रत्येकापुढे केव्ही. खोडलेलं क्लिक म्हणजे न केलेलं क्लिक. तिला लेथमध्ये रस आहे, हे संगणकाला कधी कळलंच नाही. तिने केलेले अर्ज कारखान्यांकडे गेले, पण कारखान्याच्या यादीत प्रत्येक अर्जदाराच्या नावापुढे आम्ही एक शेरा दाखवतो. मयूरीच्या नावापुढे होतं, 'रस: कमी'. रस कमी असलेली नावं तळाला जातात. तळापर्यंत कुणी जात नाही.

'रस: कमी' हे शब्द माझे. इंग्रजीत लांबलचक काहीतरी होतं, मी त्याचं सुटसुटीत मराठी केलं होतं आणि त्याबद्दल स्वतःची पाठही थोपटून घेतली होती.

"मी तिले काय सांगत होती माहीत आहे ना? असतं तर दिसलं असतं." एवढं बोलून त्या उठल्या आणि अद्वैतकडे गेल्या.

अद्वैत वाईट मुलगा नाही. तो गोंधळला. "ताई, पण आपण जेंडर घेतच नाही. मॉडेलला कळतच नाही कोण बाई, कोण बुवा. आपण फेअर आहोत."

"नाव पुसलं म्हणून माणूस पुसलं जाते का रे? ही कोणासारखी आहे ते तर पाहतो ना आपण? सकाळी दहा ते सहाचं काम पाहते, घराजवळचं पाहते, दुकानं पाहते, म्हणजे ही त्या बायांसारखी. त्या बायांनी लेथ दाबलं नाही. काहून दाबलं नाही? त्यांना दाखवलंच नाही. म्हणून हिले दाखवू नका. हिनं तरी शोधून दाबलं, तर कुंदा वानखडे बसली आहे खोडाले."

"पण मग सुरुवात कुठून झाली? पहिल्या बायका कोण?" अद्वैतने विचारलं. प्रश्न चांगला होता. उत्तर मला माहीत होतं, आणि मी कॉफी आणायला निघून गेलो.

दोन दिवसांनी त्या माझ्या टेबलाशी आल्या. "लेलेभाऊ, वहिनींचं नाव शुभदा ना? त्यांनी आपलं अ‍ॅप वापरलं होतं?"

अ‍ॅप निघालं तेव्हा एकही माणूस त्यावर नव्हता. माणसांशिवाय अंदाज कशावर बांधणार? साहेबांनी फर्मान काढलं, सुटीच्या दिवशी प्रत्येकाने घरच्या सगळ्यांची खाती उघडून त्यांच्याकडून क्लिक करून घ्यायची. सुटीच्या दिवशी मॅच होती. मी सोफ्यावर बसून बायको, बहीण, सासूबाई, तिघींची क्लिक स्वतःच करून टाकली. कुणाला काय आवडेल, हे काय मला माहीत नव्हतं? बायकोच्या नावावर अकरा वेळा बालवाडी शिक्षिका. तिचा आवाज गोड आहे म्हणून. बहिणीला रिसेप्शन. सासूबाईंना, वय सत्तर, पाळणाघर. बाकीच्या पुरुषांनीही आपापल्या सोफ्यांवर हेच केलं होतं. आमच्या अ‍ॅपवरच्या पहिल्या शंभरेक बायका ह्या अशा होत्या.

"मीच केलं होतं ते," मी म्हटलं.

कुंदाताई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "हो, मले वाटलंच. सगळ्या क्लिकच्या वेळा षटक संपलं की."

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर शुभदाला विचारलं, "तुला काय काम करायला आवडलं असतं?"

"कधी?"

"लग्नाआधी."

"आज काय एवढं? ऑफिसातून काढलं का?"

"सांग तरी."

ती शेंगा मोडत होती. "मोजणी. जमिनीची मोजणी करायची होती मला. लग्न झाल्यावर अर्जही आणला होता भरायला. तुमच्या आई म्हणाल्या, उन्हात हिंडणार का बाहेरगावी?" दोन शेंगा मोडल्या. "तुम्ही तिथेच बसला होतात. पेपर वाचत." मग म्हणाली, "तीन शिट्ट्या झाल्या. कुकर बंद करा."

मी कुकर बंद केला. चोवीस वर्षांच्या संसारात त्या दिवशी तेवढं एकच काम माझ्या हातून वेळेवर झालं असेल.

कुंदाताईंनी दोन मागण्या मांडल्या. एक, दर दहा जागांतल्या दोन मोकळ्या ठेवायच्या. त्यांत संगणकाने अंदाज न लावता, त्या माणसाचं शिक्षण आणि गाव बघून, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा नोकऱ्या दाखवायच्या. मग त्याने काय क्लिक केलं ते खरं धरायचं. दुसरी, खोडलेली सगळी क्लिक परत घ्यायची. साहेब म्हणाले, "कुंदाताई, मोकळ्या जागांवर लोक कमी क्लिक करणार. आपला अंदाज आत्ता किती अ‍ॅक्युरेट येतोय! तो पडेल."

"पडेलच ना साहेब. आत्ता बरोबर येते, कारण चुकीचं उत्तर आलं की आपण ते खोडून टाकतो. मीच टाकते."

साहेबांनी फक्त पुण्यापुरतं, सहा महिन्यांसाठी मान्य केलं. खोडलेलं परत घ्यायला मात्र माणूस देणार नाही म्हणाले. कुंदाताई म्हणाल्या, माणूस नकोच. नेमून दिलेलं काम झालं की एकट्या बसायच्या. यंत्राकडून एकदम सगळं परत घेतलं असतं तर खरोखर सरकलेली बोटंही आत आली असती. त्यामुळे एकेक नोंद उघडायची, शोधून केलंय का बघायचं, आणि मग परत घ्यायची. चार महिने लागले. मी म्हटलं, "मयूरीचं आधी करून टाका ना." त्या म्हणाल्या, "तिचा नंबर येईल तेव्हा येईल, भाऊ. एकदा तिला मागं टाकलं, आता पुढं घेतलं तर तेही तसंच." हा मला त्यांचा हेकटपणा वाटला. अजूनही वाटतो.

मयूरीला त्यांनी सांगितलं होतं का? नव्हतं सांगितलं. रोज सांगायचं ठरवायच्या. शेवटी तिच्या एक्केचाळीस नोंदी परत घेतल्या त्या दिवशी सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, काय म्हणाली?

"पोळ्या करत होती. म्हणाली, आई, मी तीन वर्षं समजत होते की मला येत नाही. एवढंच. मग उरलेल्या पोळ्या केल्या. मले वाढलं." मग पेन्सिलीला टोक करत म्हणाल्या, "ओरडली असती तर."

मोकळ्या जागा सुरू झाल्या. अंदाज थोडा पडला, मग हळूहळू सावरला. वारज्याची एक मुलगी वेल्डर म्हणून लागली. कात्रजची एक फोर्कलिफ्ट चालवायला शिकू लागली. अद्वैत फोटो दाखवत हिंडायचा. आणि एके दिवशी मयूरीला नऱ्ह्याच्या त्याच कारखान्यातून फोन आला. टर्नर हवा आहे, येऊन हात दाखवून जा.

ती जायला तयार नव्हती. कुंदाताईंनी काय सांगून तयार केलं मला ठाऊक नाही. मी गाडी घेऊन आलो. माझ्या गाडी चालवण्याबद्दल घरात एकमत आहे, तरी दोघी बसल्या. मयूरीला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आवाजावरून मला लहान मुलगी वाटायची. समोर दिसली ती चोवीस वर्षांची, केस घट्ट बांधलेली, दुकानातल्या सवयीने हळू बोलणारी मुलगी. आई मागे बसली म्हणून ती पुढे बसली. वाटेत मीच बोलत होतो.

पत्र्याची शेड, सहा लेथ. फोरमन नऱ्ह्याचाच, पन्नाशीचा, गळ्यात पंचा. मुलगी आहे म्हणून हसला-बिसला नाही. लोखंडाचा गज हातात दिला, कागदावर माप दिलं आणि बाजूला उभा राहिला. मयूरीने बांगडी काढून पर्समध्ये ठेवली, ओढणी कमरेला बांधली, गज मशीनच्या पकडीत, चकमध्ये बसवला आणि फिरवून बघितला. तोपर्यंत सगळं ठीक होतं. तिचा चेहरा बदलला होता, तो मला इतक्या लांबूनही दिसत होता. कुंदाताई माझ्या शेजारी श्वास न घेता उभ्या होत्या.

मग मशीन सुरू झालं. पहिला थर नीट निघाला. दुसऱ्या वेळी चाक फिरवताना हात अडखळला, परत फिरवला, जास्त फिरला. कर्र आवाज झाला आणि हत्याराचं टोक उडालं. तिने मशीन बंद केलं. दुसरं हत्यार बांधलं. तो तुकडा मापापेक्षा बारीक झाला. तिने स्वतःच व्हर्नियर लावून पाहिला, मोठ्याने माप वाचलं, आणि तुकडा फोरमनच्या हातात दिला.

"ताई, हात चांगला हाय," फोरमन म्हणाला. खरंच वाईट वाटून म्हणाला. "बसवायची पद्धत बघितली मी. पन सवय ऱ्हायली न्हाई. असं चार वर्सं सुटलं का जातंय वो. पास झाल्या झाल्या का न्हाई आलात?"

"आले होते," मयूरी म्हणाली. "अर्ज केला होता. तुमच्याकडेच. खूप वेळा."

"आमच्या यादीत तर न्हवतं कुनी."

मयूरीने आईकडे पाहिलं नाही. पाहायला हवं होतं असं मला वाटलं, काहीही असतं त्या नजरेत तरी.

"हेल्परची जागा हाय," फोरमन म्हणाला. "झाडायचं, माल मोजून पेटीत भरायचा. हळूहळू मशीनवर घेऊ. बघा."

"दुकानात आता काउंटर माझ्याकडे आहे, काका," ती म्हणाली. "घरभाडं, आईची औषधं. हेल्परचं नाही परवडणार." मग नळावर गेली आणि साबणाच्या वडीने बराच वेळ हात धूत राहिली. कुंदाताई फोरमनला म्हणाल्या, "तिची चूक नाही. माझी आहे. लिहून देते मी." फोरमनला काही समजलं नाही. तो म्हणाला, "असू द्या बाई, हुतं असं."

पुढच्या सोमवारी कुंदाताईंचा राजीनामा मेलवर आला. त्या अमरावतीला गेल्या, एकट्याच. तिथे बारावीच्या मुलांना शिकवतात असं कळतं. मोकळ्या जागा अजून चालू आहेत, आता सगळ्या महाराष्ट्रात. त्यांना काहीतरी चमकदार इंग्रजी नाव दिलं आहे. मयूरी अजून काउंटरवर आहे. शुभदा तिथे साडी घ्यायला गेली होती, आणि ती फार छान घडी घालते, एवढंच घरी येऊन म्हणाली. मी कुंदाताईंना शेवटचं पाहिलं ते त्या नऱ्ह्याच्या दिवशीच.

शेडबाहेर मी गाडीचं दार उघडून उभा होतो. मयूरी म्हणाली, "काका, आम्ही बसने जाऊ." आम्ही म्हणाली, एवढं मी धरून ठेवलं. स्टॉप समोरच होता. दुपारची वेळ, बस जवळजवळ रिकामी आली. मयूरी आधी चढली आणि खिडकीपाशी बसली. शेजारची जागा मोकळी होती. तिने तिथे पर्ससुद्धा ठेवली नाही. कुंदाताई मागून चढल्या, त्या जागेपर्यंत आल्या, आणि वरचा दांडा धरून उभ्या राहिल्या. कंडक्टर काहीतरी म्हणाला, बसा, असंच म्हणाला असणार. बस सुटली. मी गाडी घेऊन तिच्या मागोमाग सिंहगड रोडच्या सिग्नलपर्यंत गेलो. काचेतून मला मुलीचं डोकं दिसत होतं, शेजारची रिकामी जागा दिसत होती, आणि दुमडलेल्या बाहीतला एक हात दांड्यावर. सिग्नल सुटेपर्यंत त्या बसल्या नव्हत्या.